भर दुपारचा कंदील

फिल्म लॅबमध्ये सदतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे अंधारमास्तर म्हणत. रात्री दिवे लावून शूटिंग करणं जमत नसे, तेव्हा रात्रीच्या प्रसंगासाठीही भर उन्हात कॅमेरा लावायचा आणि प्रिंट काढताना लॅबने काळोख करायचा, अशी पद्धत होती. कुठल्या शॉटला किती उजेड, याचे आकडे मास्तर वहीत लिहीत. निगेटिव्हमध्ये मात्र दुपार ती दुपारच राही.

इटलीच्या एका दिग्दर्शकाच्या भयपटाच्या प्रिंट त्यांच्याच हातून निघाल्या. तो स्वतः तीन दिवस मास्तरांशेजारी स्टुलावर बसला आणि जाताना त्यांच्या भाषेतले ‘अजून काळं’ हे दोनच शब्द शिकून गेला. जिवंतपणी त्याला कुत्रं विचारत नव्हतं. मेल्यावर भक्त जमले. घरी बघण्यासाठी त्याच्या चित्रपटांच्या डिस्क काढायचं एका कंपनीने ठरवलं, आणि जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर साफ करण्याचं काम मास्तरांच्या जावयाकडे आलं.

चार महिने मास्तर रोज जेवण उरकून जावयाच्या ऑफिसात जात. मांडीवर वही उघडून एकेक आकडा सांगत.

“बाबा, जंगलात काही दिसतच नाहीये.”

“नायिकेला तरी कुठं दिसतंय? म्हणून तर कंदील घेऊन चाचपडतेय. सगळं लख्ख दिसलं तर घाबरायचं कशाला, जावईबापू?”

जावई हसला. आकडे मास्तरांच्या मनासारखे लागले.

डिस्क घरी आली. पाकिटावर ‘रंगजुळणी’ या शब्दापुढे मास्तरांचं पूर्ण नाव होतं. ते छापून यायची ही पहिलीच वेळ. बायकोने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“आलं बाई एकदाचं उजेडात,” ती म्हणाली.

मग दोघं बघायला बसली. जंगल आलं. वर निळंभोर आभाळ, झाडांच्या काळ्याकुट्ट सावल्या, आणि ऊन अंगावर घेत नायिका कंदील उंच धरून चाचपडत चाललेली.

“अहो, हिचे डोळे गेलेत का?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी जावयाला फोन लावला.

“कंपनीला गडद वाटलं, बाबा. लोक टीव्ही बिघडला म्हणून बोंब मारतात. शेवटच्या आठवड्यात उजळ केलं.”

“मला बोलला नाहीत.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“मग माझं नाव तरी काढायचं.”

“नावावरच तर खपतेय. त्या दिग्दर्शकाशेजारी बसलेले तुम्ही एकटेच उरलात.”

पंधरा दिवसांनी त्या दिग्दर्शकाच्या चाहत्यांनी एका छोट्या सभागृहात डिस्क दाखवली. मास्तर जाणार नव्हते. मुलीने शब्द टाकला म्हणून गेले. जंगलाच्या दृश्याला लोक खो खो हसले. खेळ संपल्यावर मास्तरांना जावयाशेजारी मंचावर बसवलं. पहिल्याच रांगेतल्या एका शिक्षिकेने विचारलं, “रंग तुम्ही जुळवलेत ना? मग भर दुपारी कंदील कशाला?”

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं. खरं बोलायची संधी त्याला द्यावी, असं त्यांना वाटलं. जावयाने माइक घेतला.

“बाबांचं वय झालंय,” तो प्रेमाने म्हणाला. “मोतीबिंदूमुळे त्यांना काळोखातलं दिसत नाही. उजळ करा म्हणाले. मोठ्यांचा शब्द मोडवत नाही.”

सभागृहात हळहळ उमटली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मास्तरांनी माइकसाठी हात पुढे केला.

“मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढला,” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांचा. दवाखान्यात मला जावईबापूच घेऊन गेले होते. त्या बाईंनी विचारलं ते यांना विचारा. मी रात्र करून दिली होती.”

मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तिने मान खाली घातली, आणि नंतर नवऱ्याबरोबर गाडीत बसून निघून गेली. मास्तर बसने घरी आले.

कंपनीला त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं. डिस्क पुन्हा छापली, तेव्हा पाकिटावरून त्यांचं नाव गेलं होतं. तिथे जावयाचं नाव आलं. जंगलात दुपार तशीच होती.