देखाव्यातला बॉम्ब

अणुचाचण्या झाल्या त्या वर्षी हडपसरच्या आमच्या गणेश मंडळाने देखाव्यासाठी बॉम्ब निवडला. कापसाचा भला मोठा ढग, आत लाल दिवे. निवेदन दरवर्षी मीच लिहायचो आणि ते माझ्याच आवाजात टेप व्हायचं. हा देखावा मला किळसवाणा वाटला. तरी मी हो म्हणालो, कारण मला एक चलाखी सुचली होती.

वडिलांनी जमवलेली युद्धविरोधी पत्रकं वाचत मी मोठा झालो. त्यांचा दोष मला ठाऊक होता. ती पहिल्या ओळीतच ओरडतात आणि माणूस ती खिशात कोंबतो. म्हणून मी सुरुवात गोड केली. शास्त्रज्ञांचं कौतुक, देशाची मान उंच, वगैरे. मग अर्ध्यावर वळण: हाच ढग आपल्या भाजी मंडईवर उठला तर? युद्धालाही कायदा आहे. सैनिक कोण आणि दूध आणायला निघालेली बाई कोण, हा फरक करावाच लागतो. ज्या अस्त्राला तो करताच येत नाही ते बेकायदा आहे, मग ते कुणाचंही असो. आपलंसुद्धा.

उद्घाटनाला टेप लागली. देशाची मान उंच झाली, टाळ्या पडल्या आणि थेट आरती सुरू झाली. पुढचं सगळं कापलं होतं.

मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. उसाची जमीन विकून बांधकामात उतरलेले, वयाने वडिलांएवढे.

"लिवलंस झ्याक," ते म्हणाले. "पर देखावा तीन मिनिटांचा हाय. तुझी मढी कुठं बसवू?"

"मग माझा आवाज काढून टाका."

"तुझा कसला? स्पीकर मंडळाचा हाय, लेखकराव."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय छान बोललास रे. अंगावर काटा आला."

त्यांना काय सांगणार? वाक्यं माझीच होती. मी आधी स्तुती लिहिली नसती, तर कात्री लावायला जागाच मिळाली नसती. खुनाचं कौतुक आधी आणि निषेध नंतर लिहिणारा, निषेध राहून गेला म्हणून कसली तक्रार करतो?

दुसऱ्या संध्याकाळी देखावा बघायला लागलेल्या रांगेच्या कडेला उभा राहून मी कापलेला भाग मोठ्याने वाचू लागलो. अध्यक्षांनी स्पीकर वाढवला. माझा आवाज माझ्याच आवाजाखाली दबत होता. रांगेतला एकजण जवळ आला.

"टेपमधला तूच ना?"

"हो."

"मग ते कशाला बोललास?"

मी पुढची ओळ वाचली. तो मात्र रांग सोडून तिथेच उभा राहिला.