जॅक घसरला तेव्हा
जॅक घसरला अन् जुनी जीप आमच्या ह्यांच्या अंगावर आली! खालचा बोल्ट गंजून पार धरला होता, डिझेल सोडलं तरी हलेना, म्हणून ह्यांनी खाली झोपून पान्याला पाइप लावला अन् लय जोर मारला. आधीच खाली सरकवलेल्या स्टेपनीवर गाडी टेकली, छाती वाचली, पण हात दबला. "अगं रडू नको, जॅक परत लाव!" हे खालून ओरडले. माझ्या कडेवर लेकरू, समोरच नांदगावचा रस्ता, ट्रकमागं ट्रक. खाली सोडलं की ते तिकडंच पळणार. मी ओढणीनं त्याला शेवग्याला बांधलं अन् जॅक फिरवत राहिले. ते किंचाळत होतं, मी मागं बघितलं नाय. शेवटी गाडी उचलली अन् हात सुटला ह्यांचा. अजून डिझेलचा वास आला की मी आधी पोराला कडेवर घेते. सासूबाई म्हणतात, "पोराला ढोरावानी बांधलं!" तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?