डाव्या हाताचा आवाज

फक्त स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकून मी गाण्याचं मिक्सिंग संपवलं, ही माझी चूक.

तबला वाजवला होता शंकरकाकांनी, डाव्या अंगाच्या पक्षाघातातून उठल्यावर पहिल्यांदाच. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी ते गाणं मोबाइलवर लावलं. डावी बोटं मांडीवर ठेका धरत होती, पण त्या इवल्या स्पीकरातून डाव्या हाताने वाजणाऱ्या डग्ग्याचा खर्ज उमटतच नव्हता.

“डावा हात गेलाच की रे माझा,” ते हसून म्हणाले. चूक सांगायची लाज वाटून मी चहा पीत राहिलो.

आपल्या खोलीत घुमतं ते सगळ्यांच्या घरी पोचलं, असं आपण किती सहज धरून चालतो!

मोबाइलवरही डग्गा ऐकू येईल असं मिक्सिंग करून मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. ऐकताना त्यांची बोटं मांडीवर थबकली.

“काका, तुमचा हात होताच. मिक्सिंगमध्ये मीच तो हरवला होता. माफ करा.”