कुशाबाईने रचलेले दगड

कुशाबाईला लोक वेडी म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? तिची पहिली मुलगी बारशाआधीच गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. तसा तिनं ठेवला. पुढं डिंभ्याचं धरण भरलं आणि घर, शेत, ती जागा, सगळंच पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी हटलं की कुशाबाई तिथं जाऊन आणखी एक दगड रचून येते. लेक जागची हलू नये, एवढाच घोर तिच्या जिवाला.

यंदा उन्हाळ्यात, धरणानं उठवल्यावर बांधलेल्या कळंबच्या घरात ग्रॅनाइटचा ओटा बसला. हा दगड कुठला, असं तिनं नातीला विचारलं. हर्षाली पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते.

"आपल्याकडं हा काळ्या कातळाच्या लई खाली आहे, आजी. काही मुलखांत जमीन दोन्हीकडून ताणली जाते. वरचा थर फाटतो, बाजूला घसरतो. भार गेला की खाली गाडलेला ग्रॅनाइट वर उचलला जातो. राहिलेलं झिजतं, अन् तो उघडा पडतो."

"आपसूक?"

"आपसूक. पण लाखो वर्षं लागतात."

लाखो वर्षं कुशाबाईनं ऐकलीच नाहीत. ती ओट्यावरून हात फिरवत राहिली, जेवली नाही.

"म्याच दाबून धरली गं तिला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धरणाकडं निघाली. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून हर्षालीही गेली. भर उन्हात आजीनं एकेक दगड उचलून बाजूला टाकला, हर्षालीला हात लावू दिला नाही. शेवटचा दगड निघाला. इतक्या वर्षांच्या ओझ्याखाली तिथं खळगा पडायला हवा होता. माती मात्र पालथ्या परातीसारखी वर आली होती.

"ओला गाळ आहे, आजी. भार हलला की फुगतो," हर्षाली म्हणाली.

"त्येच तर तू सांगितलंस."

आजीनं तिचा हात ओढून मातीवर ठेवला. भोवतालचा गाळ गार होता, तेवढीच जागा हाताला ऊबदार लागत होती. हर्षालीनं हात झटक्यानं मागं घेतला. तिला भीती वाटली, सरळ भीती.

"घरी चल, आजी."

कुशाबाईनं त्या मातीवर पदराची सावली धरली आणि मांडी घालून बसली.

"तू जा. ती उघडी पडंल तवा जवळ कुनी नको व्हय?"