पाय मी ओढला, पण काकांनी माझं नाव घेतलं नाही

मंडळी, कायद्यातलं कुणाला कळत असेल तर सांगा. मी दुपारपासून एकच विचार करून राहिले आहे.

आज आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मंडपात जोशीकाका शिडीवरून पडले. इथल्या बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेलं तोरण बांधत होते. मंडपात आम्ही दोघंच होतो. त्यांचा घोटा सुजला. आमच्या घरी पाय मुरगळला की तेल लावून जोरात ओढतात, तसा मी ओढला. काका केवढ्याने ओरडले!

ऑटोने दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं. डॉक्टर चिडले, "ये पैर किसने खींचा?"

काका शांतपणे म्हणाले, "पता नहीं जी, बहुत लोग थे."

माझी नणंद वकील आहे. घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "गाडीच्या अपघातात चांगल्या मनाने मदत करताना चुकून इजा वाढली, तर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. शिडीवरून पडलेल्यासाठी तसा खास कायदा नाही. खटला झाला असता, तर तू पुरेशी काळजी घेतलीस का, हे कोर्टाने पाहिलं असतं."

अच्छा!

संध्याकाळी काकांना फोन केला. "काका, खोटं काहून बोललात?"

"अगं, तुझं नाव सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी मी पडल्यावर कोण धावून आलं असतं? फक्त ओढू नको बाप्पा."

गाडीच्या अपघाताचा कायदा करणाऱ्यांनीही हाच विचार केला असेल ना? मग शिडीवरून पडलेले त्यातून काहून सुटले?