शेवटच्या गल्लीतला नळ

टाकीजवळच्या नळाचं पाणी ट्यूबमध्ये घेतलं आणि ओटी टेस्टचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. तीच टेस्ट गावाच्या शेवटच्या गल्लीत केली. पाण्याचा रंग बदललाच नाही.

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. तिसगावच्या बाजूच्या या गावात जुलाबाचे पेशंट निघत होते, सगळे याच गल्लीतले. इथल्या पाण्यात आम्हाला ई-कोलाय सापडला होता. हा जंतू आतड्यात राहतो. तो पाण्यात दिसला की कुठूनतरी मैला मिसळलाय असं आम्ही धरतो.

सरपंच मंदाताईंनी निकाल आधीच देऊन टाकला होता. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम भाऊसाहेबांचं. ते कामचुकारपणा करतात, त्यांना काढायचंच, असं त्या म्हणाल्या. भाऊसाहेब शेजारीच उभे होते.

"माझी नात याच गल्लीत ऱ्हाती," ते मला म्हणाले. "आता दवाखान्यात हाय. मी पावडर कशाला चुकवीन?"

टाकीतलं पाणी त्यांचीच साक्ष देत होतं. मग क्लोरीन वाटेत जात होतं कुठे? पावसाळ्यात गटाराजवळ पाईप फुटला होता आणि तो जोडून घेतला होता, असं कळलं. तो जोड उकरून पाहिला. आजूबाजूची माती खडखडीत कोरडी होती, म्हणजे आता तिथून गळत नव्हतं. मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. पाईप तिथून पुढे एका रिकाम्या प्लॉटकडे गेला होता आणि शेवटी कॅप लावून बंद केला होता. मी तो कापायला सांगितला.

"तिथं तर कुनीच ऱ्हात न्हाई," मंदाताई म्हणाल्या.

"म्हणूनच बघायचंय."

कापल्यावर कुबट वास आला. आत बोट फिरवलं तर तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागला. याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. साचलेल्या पाण्यात जंतू पाईपला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडतं, आतले जंतू जगतात. पाणी सुटलं की धक्क्याने थराचे तुकडे नळात येतात. तो थर मी लॅबमध्ये तपासला. त्यातही ई-कोलाय निघाला. पाईप फुटला तेव्हा आत शिरलेले जंतू दुरुस्तीनंतरही तिथे मुक्काम करून होते, असा माझा अंदाज.

गल्लीला पाणी उकळून प्यायला सांगितलं. जास्त क्लोरीन भरून पाईप धुतला. पुढचा नमुना चांगला आला, त्यानंतरचा पुन्हा खराब. खरं सांगायचं तर मला त्या थराचं कौतुकच वाटलं. शेवटी प्लॉटकडचा तुकडा काढूनच टाकला. मग मात्र नमुने चांगले येत राहिले.

नात बरी होऊन घरी आली. मंदाताईंनी भाऊसाहेबांना कामावर कायम ठेवलं. चूक झाली असं काही त्या बोलल्या नाहीत, पण त्यांना काढायचा विषय परत निघाला नाही.

जिथे घरं नाहीत तिथे पाईप नेऊन ठेवू नये. नेलाच तर टोकाला कॅप नको, पाणी सोडून द्यायला व्हॉल्व्ह हवा. आणि तो अधूनमधून उघडायलाही हवा.