वनिताबाईंच्या खांद्यावरचे वळ

वर्ध्याकडच्या एका दवाखान्यात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर झाल्यापासून माझ्याकडे किस्से इतके साचलेत, की लग्नात मैत्रिणी आधी मला शोधतात, मग जेवणाची पंगत! त्यातही स्तन लहान करायच्या ऑपरेशनचे किस्से वेगळेच. इथं बाई खरं दुखणं सांगायलाच दोन-तीन भेटी घेते.

*

रोहण्याच्या वनिताबाई मान दुखते म्हणून आल्या. गोळ्या, शेक, पट्टा, सगळं करून झालेलं. आमच्या सर्जन मॅडमनी मान सोडून खांदे बघितले. ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ! छातीखालची कातडी घामानं सोललेली. दुखणं छातीच्या वजनाचं आहे, ऑपरेशन करून ती लहान करता येईल, असं मॅडमनी सांगितलं.

"कापूस वेचाले वाकली, की घडीघडी बसा लागते," वनिताबाई म्हणाल्या.

सोबतची सासू लगेच, "बसाले निमित्तच पाह्यजे तिले! देवानं देल्लं ते कापाचं काऊन?"

ऑपरेशन होणं आता सासूवरच होतं. नंतर काही आठवडे जड काम बंद, म्हणजे चूल आणि शेत दोन्ही सासूच्याच गळ्यात.

*

त्याच दिवशी याच ऑपरेशनसाठी पुलगावची एक कॉलेजची मुलगी आईला घेऊन आली. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. व्रण फिके होतात, पण जात नाहीत. स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते. पुढं बाळाला पाजता येईलच, याची खात्री नाही.

आई घाबरली. "मॅडम, हे पोराकडच्यायले सांगा लागन का?"

"कुठल्या मुलाकडच्यांना?"

"अजून पाह्यला नाई जी!"

*

"तंबाखू खाता?" मॅडमनी वनिताबाईंना विचारलं.

"छे! कधीच नाई."

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून मिश्रीची डबी घरंगळली. "मग हे काय?"

"हे खात नाई जी, दात घासतो!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. तंबाखू हिरड्यांतूनही रक्तात जातो, जखम भरत नाही, स्तनाग्र काळं पडू शकतं. मिश्री सुटेपर्यंत ऑपरेशन पुढं ढकललं. डबी सासूनं जप्त केली आणि बाहेर बाकावर बसून स्वतःच घासायला लागली!

शेवटी वनिताबाईंची मिश्री सुटली, तेव्हा होकारही तिनंच दिला. "करा एकदाचं. बहाणा तरी संपंन!"

*

ऑपरेशनआधी छातीचे फोटो काढतात. वनिताबाई गजरा माळून, नवी साडी नेसून हजर.

"अहो, यात चेहरा येत नाही."

"मंग आधी सांगाचं ना, सिस्टर! शेजारणीची साडी मागून आणली म्या!"

एवढी नटलेली बाई, मला राहवेना. एक फोटो चेहऱ्याचाही काढला.

*

ऑपरेशन नीट झालं. काढलेला भाग लॅबला पाठवण्याआधी नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. वनिताबाईंच्या नवऱ्यानं डबे बघताच भिंतीकडे तोंड केलं. सासू पुढं झाली. झाकण लावलेले दोन डबे मी तिच्या हातात दिले, तर हात एकदम खाली गेले.

"हे अंगावर घेऊन कापूस वेचे का माही सून?"

"हो, आजी."

ती डबे मांडीवर घेऊन बाकावर बसली. वॉर्डबॉय न्यायला आला. "आजी, द्या इकडं. लॅबला न्यायचेत."

"थांब ना बाप्पा," ती म्हणाली. "धरू दे अजून जरासं."